हवेवर पहारा कोणाचा?



विहिरीचे पाणी गढूळ झाले, तर आपण पोहरा वर काढतो, पाहतो आणि म्हणतो, आज हे पाणी नको. ज्वारीला कीड लागली, तर ती सुपात घेऊन पाखडतो, निवडतो. पण हवेचे काय? हवा पाखडता येत नाही, फडक्यातून गाळता येत नाही. समोर जी असेल ती घ्यावीच लागते. अन्नावाचून माणूस काही दिवस काढतो. पाण्यावाचून एखाददुसरा दिवस काढतो. हवेवाचून पाच मिनिटेही निघत नाहीत. मोठे माणूस दिवसाकाठी दहा हजार लिटरांहून जास्त हवा छातीत घेते. उन्हाळ्यात गावाला पाणी आणणारा मोठा टँकर डोळ्यांपुढे आणा. तेवढा भरून हवा रोज एका माणसाला लागते.

आणखी एक गोष्ट. शेताला बांध असतो, घराला भिंत असते. हवेला बांध नाही. शेजारच्या शिवारातल्या खडी यंत्राची धूळ आपल्या कपाशीवर येऊन बसते. ती धूळ कोणाची? तिचा हिशेब कोणाकडे मागायचा? पाण्याचे, वाटेचे भांडण गावातले पंच मिटवीत. धुराला पंच कसे पुरणार? तो तर दहा गावांवरून जातो. म्हणून सरकारला कायदा करावा लागला आणि त्यासाठी वेगळे मंडळ नेमावे लागले. हे मंडळ काय करते, कसे करते आणि कुठे कमी पडते, ते आज आपण पाहू.

हे काम आजचे नाही. मुंबईत कापडाच्या गिरण्या वाढल्या. चिमण्या दिवसरात्र काळा धूर ओकू लागल्या. तेव्हा १९१२ साली धुराच्या उपद्रवाचा कायदा मुंबईसाठी झाला. त्या काळी धूर मोजण्याची पद्धत मोठी गमतीची होती. एका कागदावर फिक्क्या रंगापासून काळ्या रंगापर्यंत चौकटी छापलेल्या असत. तपासनीस तो कागद समोर धरी आणि चिमणीच्या धुराशी रंग ताडून पाही. धूर जितका काळा, तितका दोष मोठा. पण मंडळी, सगळा वाईट धूर काळा नसतो, आणि काही विषारी वायू तर डोळ्यांना दिसतच नाहीत. हे कळायला पुढे फार मोठी किंमत मोजावी लागली.

१९५२ सालच्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये लंडन शहरावर दाट धुके पडले. थंडी कडाक्याची होती. घराघरांत कोळशाच्या शेगड्या पेटलेल्या. वारा पडला होता. धूर वर जाईना, तो धुक्यात मिसळला आणि शहरावर पांघरुणासारखा पसरून राहिला. पाच तारखेपासून नऊ तारखेपर्यंत तो हलला नाही. लोकांना वाटले, दरवर्षीसारखे धुके आहे. पुढे मृत्यूची नोंदवही पाहिली, तेव्हा समजले. त्या वेळच्या सरकारी हिशेबाने सुमारे चार हजार माणसे नेहमीपेक्षा जास्त मेली होती. नंतरच्या अभ्यासकांनी हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला. म्हातारी माणसे, लहान मुले आणि दम्याचे रोगी त्यात पहिले गेले. मग १९५६ साली त्या देशात शुद्ध हवेचा कायदा झाला. त्यात एक शहाणपण होते. सरकारने नुसते 'धूर करू नका' म्हटले नाही. शेगड्या बदलायचा खर्च आला, त्याचा मोठा वाटा सरकारी तिजोरीतून दिला. गरिबाला नुसता हुकूम सोडला, तर तो पाळणार कशाने?

आपल्याकडे १९७० साली महाराष्ट्राचे प्रदूषण नियंत्रण मंडळ निघाले. प्रदूषण म्हणजे हवा, पाणी, माती बिघडवणे. सुरुवातीला मंडळाकडे फक्त पाण्याचे काम होते. १९७२ साली स्वीडन देशात स्टॉकहोम शहरी जगातल्या देशांची परिषद भरली. पंतप्रधान इंदिरा गांधी तेथे गेल्या होत्या. त्यानंतर १९७४ साली साऱ्या देशासाठी पाण्याचा कायदा झाला आणि १९८१ साली हवेचा. हवेचा कायदा त्या वर्षी १६ मे रोजी अंमलात आला.

कायदा झाला, पण दात फार नव्हते. तीनच वर्षांनी भोपाळची ती रात्र आली. १९८४ सालच्या २ डिसेंबरची रात्र संपून ३ तारीख लागत होती. युनियन कार्बाइडच्या कीटकनाशकाच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. लोक झोपेत होते. हजारो माणसे मेली, लाखोंना इजा झाली. कित्येकांचे डोळे आणि छाती जन्माची अधू झाली. त्यानंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षणाचा कायदा झाला. १९८७ साली हवेच्या कायद्यातही दुरुस्ती झाली. मंडळाला नवे हत्यार मिळाले. कारखाना बंद करा, त्याची वीज तोडा, पाणी तोडा, असा हुकूम मंडळ स्वतः काढू लागले. त्याआधी त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागे.

आता हे मंडळ कसे चालते ते पाहू. दिल्लीला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे. हवेत काय किती असले तर चालेल, याचे माप ते ठरवते. राज्याचे मंडळ ते माप पाळले जाते की नाही हे पाहते, कारखान्यांना संमती देते आणि तक्रार ऐकते. मुंबईला त्याचे मुख्य कार्यालय आहे. खाली प्रादेशिक अधिकारी, त्यांच्या हाताखाली उपप्रादेशिक अधिकारी आणि प्रत्यक्ष हिंडणारे क्षेत्र अधिकारी. आपला संबंध बहुतेक या शेवटच्या दोघांशी येतो.

तुम्ही म्हणाल, हवा मोजायची तरी कशी? तराजूत तर ती बसत नाही. पण खरे सांगायचे, तर ती तराजूतच मोजतात!

हवेतली धूळ मोजण्याचे एक यंत्र असते. पेटीसारखे दिसते. ते एखाद्या इमारतीच्या गच्चीवर ठेवतात. आत पंखा असतो, तो हवा ओढतो. ओढलेली हवा एका पांढऱ्या कागदातून जाते. कागद काचेच्या बारीक तंतूंचा केलेला असतो. जाडी धूळ आधीच खाली पडते, बारीक धूळ कागदावर बसते. लावण्यापूर्वी कागद कोरड्या खोलीत ठेवून त्याचे वजन करतात. काढल्यावर पुन्हा तसेच ठेवून पुन्हा वजन करतात. कागद दमट राहिला, तर वजन खोटे येते. एवढी काळजी घ्यावी लागते. दुसऱ्या वजनातून पहिले वजा केले की उरली ती धूळ.

ही धूळ किती असते? यंत्र दिवसभरात सुमारे दीड हजार घनमीटर हवा ओढते. घनमीटर म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच एवढ्या पेटीत मावेल तेवढी जागा. इतक्या हवेतून कागदावर साऱ्या दिवसाची मिळून जेमतेम चार गव्हाच्या दाण्यांइतकी धूळ जमली, तरी मर्यादा गाठली असे समजा. चार दाणे! माप फारच लहान म्हणून त्याला लहान वजनही लागते. त्याला मायक्रोग्रॅम म्हणतात. गव्हाच्या एका दाण्याचे चाळीस हजार वाटे केले, तर एक वाटा सुमारे एक मायक्रोग्रॅम भरेल.

धुळीचे दोन प्रकार मानतात. एक बारीक आणि एक फार बारीक. फार बारीक धुळीचा कण केसाच्या जाडीच्या वीस-पंचविसाव्या हिश्श्याएवढा. नाकातले केस बारीकसारीक कचरा अडवतात, खोकल्याबरोबर काही बाहेर पडतो. पण हा कण कशालाच दाद देत नाही. तो थेट फुप्फुसाच्या तळाशी जातो आणि तिथून रक्तात उतरतो. म्हणून नुसता दमा नव्हे, तर हृदयाचे विकारही या धुळीने वाढतात.

२००९ साली केंद्रीय मंडळाने बारा पदार्थांची मापे ठरवून दिली. त्यात ही दोन प्रकारची धूळ आहे, गंधकाचा वायू आहे, शिसे आहे. दर घनमीटर हवेत बारीक धूळ दिवसाच्या सरासरीने १०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालेल. फार बारीक धूळ ६० पर्यंत. वर्षाची सरासरी मात्र अनुक्रमे ६० आणि ४० च्या वर जाता कामा नये. जागतिक आरोग्य संघटना याहून कडक आहे. २०२१ साली तिने फार बारीक धुळीचे वर्षाचे माप ५ सांगितले. आपले ४०, तिचे ५. तेव्हा सरकारी मापात हवा बसली म्हणजे ती अगदी निर्मळ झाली, असे समजू नये. ते माप देशाला आज काय झेपेल हे पाहून ठरवलेले आहे.

एवढे आकडे सामान्य माणसाने कसे लक्षात ठेवावे? म्हणून सरकारने सोपी युक्ती काढली. २०१५ सालापासून हवेचा एकच आकडा आणि रंग जाहीर करतात. शून्य ते पन्नास चांगली हवा, गडद हिरवा रंग. शंभरापर्यंत ठीक. दोनशेपर्यंत मध्यम, पिवळा. पुढे वाईट, फार वाईट, आणि चारशेच्या वर गेली की गंभीर. हा आकडा कसा काढतात, ते मोठे न्यायाचे आहे. शाळेत सगळ्या विषयांचे गुण एकत्र करून सरासरी काढतात. इथे तसे नाही. हवेतल्या ज्या पदार्थाने सर्वांत वाईट गुण मिळवले, तेच हवेचे गुण. भात उत्तम शिजला, पण आमटीत पाल पडली, तर जेवण चांगले म्हणता येईल काय?

पण यंत्रे आहेत कुठे? बहुतेक शहरांत. मुंबईत, पुण्यात, नागपुरात, चंद्रपुरात. २०१९ साली केंद्र सरकारने देशाची हवा सुधारण्याचा मोठा कार्यक्रम आखला. त्यात १३० च्या वर शहरे घेतली, महाराष्ट्राची डझनाहून अधिक आहेत. रस्ते झाडायला, धूळ दाबायला, यंत्रे बसवायला पैसा मिळाला. खेडी मात्र त्या यादीत नाहीत. जिथे यंत्र नाही, तिथे आकडा नाही. जिथे आकडा नाही, तिथे सरकारी कागदावर हवा चांगलीच असते. आम्हांला ही गोष्ट फार खटकते. खडी यंत्रे, विटांच्या भट्ट्या, कोळशाच्या खाणी शहरात थोड्याच आहेत? त्या आहेत आपल्या शिवारात.

म्हणून आपल्या कामाची गोष्ट नीट समजून घेऊ. ती म्हणजे संमतीपत्र.

खडी यंत्राचेच उदाहरण घेऊ, कारण ते गावोगाव आहे. एखाद्याने दगड फोडण्याचे यंत्र टाकायचे ठरवले. त्याला आधी मंडळाकडून उभारण्याची संमती घ्यावी लागते. यंत्र उभे राहिले की चालवण्याची संमती वेगळी घ्यावी लागते. पूर्वी ही दुसरी संमती ठरावीक मुदतीची असे. मुदत सरली की नवी घ्यावी लागे. अर्ज आल्यावर मंडळाने चार महिन्यांत हो किंवा नाही सांगावे, असे कायदा म्हणतो. २०१६ साली उद्योगांचे रंगांवरून वर्ग पाडले. फार घाण करणारे ते लाल. त्याहून कमी ते नारिंगी. मग हिरवे. सायकली जोडण्यासारखी निरुपद्रवी कामे पांढरी. साखर कारखाना, सिमेंटचा कारखाना लाल. खडी यंत्र नारिंगी.

संमतीपत्र म्हणजे नुसता परवाना नव्हे. त्यात अटी लिहिलेल्या असतात. खऱ्या महत्त्वाच्या त्याच. दगड फुटतो तिथे पत्र्याचे आवरण पाहिजे. पाण्याचे फवारे पाहिजेत. वारा अडवणारी भिंत पाहिजे. आवारातला रस्ता पक्का पाहिजे, जमीन झाडून ओली ठेवली पाहिजे. भोवती झाडे लावली पाहिजेत. आता तुम्हीच सांगा, या अटी तपासायला मोठे शिक्षण लागते काय? फवारा चालू आहे की नुसता नळ लटकतो आहे, हे गुराखी पोरसुद्धा सांगेल. आम्ही पाहिले आहे, साहेब यायचे असले की फवारे सुरू होतात आणि साहेबांची गाडी वळणाआड गेली की बंद होतात. पाण्याला पैसा लागतो, पंपाला वीज लागते. मालक ते वाचवतो आणि तो खर्च गावाच्या छातीवर पडतो.

इथे कोणी म्हणेल, यंत्र बंद झाले तर पोरांची मजुरी बुडेल. बरोबर आहे. गावातलीच माणसे तिथे राबतात. पण धूळ प्रथम कोणाच्या छातीत जाते? त्यांच्याच. दगडाच्या धुळीने फुप्फुसाला कायमची इजा होते. त्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही. पुष्कळदा क्षय समजून त्यावर औषध चालू राहते आणि माणूस खंगत जातो. फवारा चालला, तर मजुरीही राहते आणि मजूरही राहतो. यंत्र बंद करा हे एक मागणे झाले. अटी पाळा हे दुसरे. ग्रामसभेत बोलताना या दोहोंत गल्लत होते आणि गावात दोन तट पडतात.

वीटभट्टीचेही असेच आहे. २०२२ सालच्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने भट्ट्यांचे नियम कडक केले. भट्टीत टायर, प्लॅस्टिक किंवा कारखान्याचा विषारी कचरा जाळण्यास मनाई आहे. नवी भट्टी वस्तीपासून आणि फळबागेपासून किमान आठशे मीटर दूर हवी. टायर जळाला की वास लपत नाही. त्याला यंत्र नको, नाक पुरे.

मग साहेबांनी धूर पाहिला की लगेच कुलूप का लावत नाहीत? असा प्रश्न आम्हांला नेहमी विचारतात. त्याचे कारण कायद्यात आहे. अधिकाऱ्याला कारखान्यात शिरून पाहण्याचा अधिकार आहे. चिमणीतून धुराचा नमुना घेण्याचाही आहे. पण नमुना घेताना मालकाला तशी लेखी सूचना द्यावी लागते. नमुना डब्यात भरून त्यावर मोहोर लावायची. अधिकाऱ्याची आणि मालकाच्या माणसाची, दोघांची सही घ्यायची. मग तो प्रयोगशाळेत पाठवायचा. यातली एक पायरी चुकली, तर तो नमुना कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. हा नियम वाईट नाही. उद्या कोणी आकसाने खोटा नमुना केला तर? पण यामुळे वेळ जातो आणि चलाख माणूस वेळेचा फायदा घेतो. शिवाय एका अधिकाऱ्याकडे कित्येक कारखाने असतात.

शिक्षेविषयीही सांगितले पाहिजे. पूर्वी हवेचा कायदा मोडला, तर दीड वर्षापासून सहा वर्षांपर्यंत कैद होती. ऐकायला मोठी शिक्षा. पण खटला वर्षानुवर्षे चाले आणि तुरुंगात क्वचितच कोणी जाई. २०२३ साली संसदेने कायदा बदलला. आता बहुतेक गुन्ह्यांना कैदेऐवजी दहा हजारांपासून पंधरा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. दंड ठरवायला कोर्ट नको, नेमलेला अधिकारी तो ठरवतो. आमचे मत विचाराल, तर लहान कारखानदाराला हा दंड नक्की बोचेल. पण ज्याचा रोजचा धंदाच कोट्यवधींचा आहे, त्याला पंधरा लाख म्हणजे चहापाण्याचा खर्च. तो दंड भरून धूर सोडत राहील, ही भीती खोटी नाही.

मोठ्यांपुढे सरकार कसे नमते, याचे एक उदाहरण देतो. कोळशावर वीज करणाऱ्या केंद्रांतून गंधकाचा वायू निघतो. तो चिमणीतच अडवणारे यंत्र मिळते, पण फार महाग असते. २०१५ सालच्या डिसेंबरात सरकारने गंधकाच्या वायूचे कडक माप लावले आणि दोन वर्षांची मुदत दिली. मुदत संपली. वाढवली. पुन्हा संपली, पुन्हा वाढवली. असे करता करता २०२५ साल उजाडले आणि जुलै महिन्यात बहुतेक केंद्रांना या यंत्रातून सूटच मिळाली. सरकार म्हणते, आपल्या कोळशात गंधक कमी असतो आणि खर्च वाढला तर वीज महागेल. दुसरी बाजू म्हणते, हा वायू हवेतच फार बारीक धूळ होतो आणि शेकडो मैल जातो. वाद शास्त्रज्ञांतही आहे. पण ज्याने नियम मोडला त्याचे काहीच बिघडले नाही, आणि ज्याने मुकाट्याने यंत्र बसवले त्याचा पैसा गेला. असे झाले, तर पुढच्या वेळी नियम कोण पाळील?

सगळेच असे निराशेचे नाही. दिल्लीची गोष्ट ऐका. १९८५ साली एम. सी. मेहता नावाचे वकील दिल्लीच्या हवेसाठी सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९८ साली न्यायालयाने हुकूम केला की शहरातल्या सगळ्या बसगाड्या डिझेल सोडून गॅसवर चालवा. खूप ओरड झाली. पंपांपुढे रांगा लागल्या, बसमालक रडकुंडीला आले. पण २००२ साल संपेपर्यंत सगळ्या बस गॅसवर आल्या. पेट्रोलमध्ये शिसे असे, तेही २००० सालापासून साऱ्या देशात बंद झाले. शिशाने मुलांची बुद्धी मंद होते. तो एक मोठा शत्रू गेला आणि कोणाला कळलेही नाही. दिल्लीची हवा आजही हिवाळ्यात फार वाईट असते. गाड्याच इतक्या वाढल्या. तरी बसच्या मागचा तो काळा लोट गेला, तो गेलाच.

१९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात म्हटले की, स्वच्छ पाणी आणि स्वच्छ हवा मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. हवेसाठी अर्ज करणारा माणूस सरकारकडे भीक मागत नाही.

आता जनसुनावणीविषयी. मोठी खाण, सिमेंटचा कारखाना, वीज केंद्र असे काही येणार असेल, तर २००६ सालच्या नियमाप्रमाणे लोकांचे म्हणणे ऐकावे लागते. लहान खडी यंत्राला हा नियम नाही. तीस दिवस आधी वर्तमानपत्रात नोटीस येते. प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश मराठीत ठेवतात. जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या वतीने अपर जिल्हा दंडाधिकारी सभेचे अध्यक्ष असतात. मंडळाचे अधिकारी हजर असतात. कोणीही उठून बोलावे. शेवटी काय काय मुद्दे आले, ते मराठीत सर्वांना वाचून दाखवले पाहिजेत. सगळ्या कामाचे चित्रीकरण होते.

यात एक फट आहे, ती ध्यानात ठेवा. सुनावणीला किती माणसे हजर पाहिजेत, याची अट नाही. दहा माणसे आली, तरी सुनावणी झाली असे लिहिले जाते. नोटीस कोणी वाचली नाही, पेरणीच्या दिवसांत कोणी फिरकले नाही, तरी कागद पुढे जातो. शिवाय ही सभा म्हणजे मतदान नव्हे. हात वर करून प्रकल्प अडत नाही. तिथे बोललेला मुद्दा लिहिला जातो आणि पुढे तज्ज्ञांना त्याचे उत्तर पाहावे लागते. म्हणून 'आम्हांला कारखाना नको' असे शंभर जणांनी ओरडण्यापेक्षा एकाने उठून विचारावे: राख कुठे टाकणार? शाळेपासून ती जागा किती लांब? उन्हाळ्यात वारा कोणत्या दिशेने वाहतो ते पाहिले काय? आपल्या वर्गातल्या बहिणी आज अक्षरे लावून वाचतात. तीस दिवसांत सारांश वाचून होतो.

आपल्या स्वतःच्या धुराचेही दोन शब्द बोलले पाहिजेत. उसाचे पाचट आणि कपाशीच्या पऱ्हाट्या आपण पेटवून देतो. एका काडीत काम होते, मजुरी वाचते. पण रानातले पाचट तसेच सरीत दाबले, तर खोडव्याला ओल टिकते आणि खत होते. हे पुष्कळ शेतकरी करतात. आणि घरातली चूल? वर्ध्याच्या मगनवाडीत धूर कमी करणारी मगनचूल निघाली, त्याला पाऊणशे वर्षे होऊन गेली. २०१६ सालापासून उज्ज्वला योजनेत घरोघर गॅस आला. सिलिंडर आला, पण तो भरायला दर वेळी पैसे लागतात. म्हणून चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर, असे पुष्कळ घरांत आहे. चुलीपुढची हवा मोजायला कोणताही अधिकारी येत नाही. कारखान्याच्या चिमणीला उंचीचा नियम आहे, स्वयंपाकघराच्या धुराड्याला नाही. तिथे निदान झरोका मोठा करणे, धुराडे बसवणे आणि तान्हे मूल चुलीपासून दूर निजवणे एवढे तरी आपल्या हाती आहे.

तक्रार करायची झाली, तर तोंडी करू नये. फोनवर तर नाहीच. अर्ज लिहावा. 'फार धूळ येते' एवढ्यावर कोणी हलत नाही. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या बाजूने, काय दिसले, हे लिहावे. आठ-पंधरा दिवस वहीत टिपून ठेवले, तर अर्जाला वजन येते. यंत्राच्या संमतीपत्राची नक्कल मागावी. मिळाली नाही, तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून मागता येते आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. मंडळाने काहीच केले नाही, तर पुण्याला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण बसते. भरपाई मागायची नसेल, तर तिथे एक हजार रुपये शुल्क आहे. पण घटना घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावे लागते. हे सहा महिने लोक हातचे घालवतात, म्हणून सांगितले.

वर्गात फळ्यावर लिहून घेतलेला अर्ज खाली दिला आहे. रिकाम्या जागा आपापल्या गावाप्रमाणे भराव्यात.

मा. उपप्रादेशिक अधिकारी,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, .......... यांस

विषय : खडी यंत्राच्या धुळीबद्दल तक्रार

महोदय,

आम्ही मौजे .........., तालुका .......... येथील रहिवासी आहोत. आमच्या गावाच्या .......... दिशेस गट नंबर .......... मध्ये खडी यंत्र चालते. तारीख .......... पासून तारीख .......... पर्यंत आम्ही रोज नोंद केली. त्यांपैकी .......... दिवस पाण्याचे फवारे बंद होते. वारा अडवणारी भिंत .......... बाजूस नाही. धूळ शाळेवर व पिकांवर बसते. नोंदवहीची नक्कल सोबत जोडली आहे.

आपण न कळवता समक्ष पाहणी करावी. संमतीपत्रातील अटी पाळल्या जातात की नाही, ते तपासावे. पाहणीच्या अहवालाची एक प्रत ग्रामपंचायतीस द्यावी.

आपले,
(सह्या व अंगठे)

अर्जाच्या दोन प्रती कराव्यात. एक कार्यालयात द्यावी. दुसरीवर तारखेसह पोचेचा शिक्का घेऊन ती ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवावी. एक नक्कल जिल्हाधिकाऱ्यांना पाठवावी. अंगठ्याच्या जागी जितक्या सह्या होतील, तितक्या सह्याच कराव्यात.